धोंडा गेल्यावर आणा

लातूरच्या एका हॉस्टेलात मी चोवीस वर्षं गेटवर होतो. त्या चोवीस वर्षांत शेकड्यानं आईबापांनी मला एकच गोष्ट विचारली: मामा, पोरगं कधी आणू? मी सगळ्यांना वार सांगितला, तारीख सांगितली. बहुतेक बरोबर निघाल्या. एक चुकली, अन् त्या एका तारखेपायी माझी बायको गेली. हे आधीच सांगून टाकतो. शेवटपर्यंत दाबून ठेवायची कला मला येत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. गाव लोह्याजवळ. हा अंक काढणारा पोरगा आमच्याच हॉस्टेलात दोन वर्षं राहून गेलेला. तो म्हणाला, "मामा, नोकरीतल्या गमती लिहा, लोकायला वाचायला आवडतं." गमती आहेत थोड्या. बाकीचं जे आहे ते आहे.

हॉस्टेल म्हणजे पुढं मुलांची तीन मजली इमारत, मागं मुलींची दोन मजली, मधी मेस. एका खोलीत तीन कॉट. पगार मला वॉचमनचा होता. काम मात्र मोटर चालू करण्यापासून संडास तुंबला तर काठी घालण्यापर्यंत सगळं. बायको, गया, मेसचा स्वयंपाक बघायची. हाताखाली एक बाई, ती आली तर आली. गेटला लागून एक खोली होती, त्यात आम्ही दोघं. एकच पोरगी, लग्न होऊन नांदेडला दिलेली. पोरं मला मामा म्हणायची अन् गयाला मावशी. त्यायचं बघून त्यायचे आईबापही तसंच म्हणायचे.

दहावीचा निकाल लागला की लातुरात पोरायचा लोंढा येतो. देवणी, रेणापूर, निलंगा, देगलूर, कुठून कुठून. सगळ्यायला डॉक्टर व्हायचं असतं, नाहीतर त्यायच्या बापाला त्यायला डॉक्टर करायचं असतं. कॉट बुक झाली की बाप मला बाजूला घेऊन हळूच विचारायचा, कधी आणू?

लोकायला वाटतं, यात काय विचारायचं? कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आणायचं. तसं नसतं. रविवारी आणलं तर सगळं जग रविवारीच येतं. जिन्यात ट्रंका, जिन्यात आज्या, अन् वर नळ कोरडा. इलेक्ट्रिकवाला सुट्टीवर. पंखा फिरत नसला तर ते पोरगं सोमवारपर्यंत घामात बसतं अन् मंगळवारी बापाला फोन करतं. लई आधी आणलं, तर रिकाम्या इमारतीत एकटं पोरगं भिंतीकडं बघत बसतं. उशिरा आणलं, तर बाकीच्यायच्या जोड्या जमलेल्या असतात अन् याला संडासाशेजारची कॉट मिळते. क्लास लागायच्या दोन-तीन दिवस आधी, मधल्या वारी, सकाळी दहाच्या सुमाराला यावं. कागदपत्रं त्याच दिवशी होतात, पोरगं मेसमधी गरम जेवतं, अन् बापाला उजेडात परत जाता येतं.

पण हे झालं वरचं. खरी गोष्ट पाण्याची. लातुरात नळाला पाणी रोज येत नाही. आठ दिवसांनी येतं, कधी दहा. मधी टँकर. टाकी भरलेली असताना आलेलं पोरगं टिकतं अन् टाकीचा तळ दिसत असताना आलेलं पोरगं पळतं, हे माझं शास्त्र. म्हणून नळ मंगळवारी येणार असला की मी सगळ्यायला सांगायचो, बुधवार चांगला हाय. चांगला कशानं, ते सांगायचो नाही. "बुधवारी या, मंगळवारी पाणी येतंय," असं म्हणलं असतं तर बाप म्हणाला असता, हे कसलं हॉस्टेल.

झालं काय, की लोकायला वाटलं मला मुहूर्त कळतो. गेटवरच्या मामाला वार इचारा, त्यानं सांगितलेल्या वारी पोरगं गेलं की पास होऊनच येतं. रेणापूरच्या एकानं तर पोराचा एमबीबीएसला नंबर लागल्यावर मला नारळ अन् टोपी आणून दिली. मी घेतली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गेटवर बसणाऱ्या माणसाला कोण टोपी देतं?

आता आम्ही बौद्ध. माझ्या बापानं देव्हाऱ्यातले देव पाण्यात सोडले, तेव्हापासून आमच्या घरात मुहूर्त नाही, अमावस्या नाही, काही नाही. माझं लग्न भर पितृपक्षात झालं. गयाला माझा हा धंदा बिलकुल पसंत नव्हता.

"सकाळी पंचशील म्हणता अन् दुपारी लोकायला वार सांगता. लाज हाय का न्हाई?"

"मी पाण्याचा वार सांगून राहिलो."

"मग पाण्याचा म्हणून सांगा की. मुंडी हालवून साधूवानी कामून सांगता?"

मी हसायचो. तीही हसायची, पण तिचं म्हणणं तिनं कधी मागं घेतलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. नांदेडचा एक शिंप्याचं काम करणारा मुसलमान बाप होता. तो पोराला आणायच्या आठ दिवस आधी एकटाच आला. म्हणाला, "मामू, जरा बसून बघतो." अन् सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत त्या कॉटवर बसून राहिला. जाताना म्हणाला, "तीन बजे उशाला ऊन येतंय. बच्चा त्याच टायमाला पढायला बसंल. बाजूची कॉट द्या." दिली. मला वार विचारला नाही असा तोच एक. कधी आणायचं ते त्याचं त्यानं ठरवलेलं होतं.

दुसरी एक आई, तिनं पोराला आंघोळीला पाठवलं अन् तो पाणी अंगावर घेईपर्यंत निघून गेली. तिला वाटलं रडारड वाचेल. ते पोरगं ओल्या अंगानं, टॉवेलवर, पार गेटपर्यंत पळत आलं. मी त्याला धरलं. गयानं त्याला कपडे घातले, सोळा वर्षांच्या घोड्याला. तिथून पुढं ती येणाऱ्या प्रत्येक आईला सांगायची, "बाई, तोंडावर सांगून जा. रडलं तर रडलं."

गयाचं काम स्वयंपाकाचं, पण खरं काम निराळंच होतं. पहिले आठ दिवस ती वाढून झालं की भिंतीला टेकून पोरायची ताटं बघायची. कोणाचं ताट कसं उठतं त्याच्यावरून सांगायची, हा राहतो, हा जातो. जाणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायची. काही बोलायची नाही. शेंगा निवडायची, लसूण सोलायची. ते पोरगं जेवायचं. किती पोरं अशी राहिली असतील त्याची गणती नाही. नारळ मात्र मला यायचे.

आमच्याकडं आणखी एक चाल पडली होती. कॉटवर गादी टाकली की कॉट पक्की. मग मुहूर्तवाले लोक काय करायचे, चांगला दिवस बघून नुसती गादी आणून टाकायचे अन् पोरगं मागून आणायचे. जुन्या लोकांत याला पस्तान म्हणतात. मुहूर्ताच्या दिवशी निघणं जमत नसलं तर आपलं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला असं धरतात.

तीन वर्षांमागं धोंड्याचा महिना आला. दर तिसऱ्या वर्षी हा एक महिना जास्तीचा येतो. जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, पण नवं काम कोणी सुरू करत नाही. तेव्हा तो नेमका पोरं यायच्या दिवसांतच पडला. बऱ्याच जणांनी धोंडा लागायच्या आतच पोरं आणून टाकली. एकदम गर्दी झाली. त्यात टाकीला चीर गेली. गवंडी आज येतो उद्या येतो करत होता. टाकी अर्धीच भरायची. अर्ध्या बादलीत आंघोळ करा असं मी पोरायला सांगत फिरत होतो अन् मालक मला फोनवर शिव्या देत होता.

त्याच्यातच गया एका दुपारी म्हणाली, "मला पोरीकडं नांदेडला जाऊन यायचंय. एकदा दवाखान्यात दाखवून घेते."

"काय झालं?"

"काय न्हाई. बाईमाणसाचं असतंय."

"पोरं लागू दे जागेला. मग जा."

"बरं."

मी एवढंच विचारलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसानं. त्या वेळी मी हातात वॉल्व्हची चावी घेऊन उभा होतो अन् माझं ध्यान वरच्या टाकीकडं होतं.

नंतर आठ दिवसांनी देवणीकडचा संगप्पा आला. खेड्यात किराणा दुकान, बोलणं जरा कानडी वळणाचं. खांद्यावर गादी, नवी, लाल फुलांची. धोंडा लागायला दोन दिवस होते.

"मामा, पस्तान ठेवायला आलोय. आजचा दिवस चांगला हाय म्हणले."

गादी टाकून आम्ही मेसमधी आलो. गयानं त्याला जेवायला वाढलं. जेवता जेवता तो तिला म्हणाला, "मावशी, माझ्या मल्लूला अव्वा, म्हंजे आई न्हाई. दोन वर्सं झाली जाऊन. लाजरं हाय. भूक लागली तरी मागत न्हाई."

गया म्हणाली, "मी हाय की. माझ्यापुढं बसवून जेवू घालते. तुम्ही फिकीर करू नका."

मग तो माझ्याकडं वळला. "मामा, आता तुम्ही सांगा. पस्तान तर झालं. चार दिवसांत आणू, का धोंडा जाऊ देऊ? मेव्हणा म्हणतोय गादी निघाली म्हंजे पोरगा निघाला, धोंड्यात आणला तरी चालतंय. बहीण म्हणती धोंड्यात नगं. तुमचा शब्द मी मोडत न्हाई."

"क्लास बुडतील का?" हेही त्यानं विचारलं.

मी टाकीचा विचार केला. एक पोरगा कमी म्हणजे रोजच्या दोन बादल्या कमी. एवढाच विचार केला. मुंडी हलवली अन् म्हणालो, "पहिला महिना ओळखीतच जातोय. धोंडा गेल्यावर आणा."

तो पाया पडून गेला.

गया ताट उचलत होती. म्हणाली, "शेवटचा ह्योच ना?"

"ह्योच. बाकी सगळी आली."

"म्हंजी धोंडा सरून, मग ते वार बघणार, मग येणार." तिनं बोटावर मोजलं. "सव्वा महिना."

"हां. काय झालं?"

"काय न्हाई. ह्यो आला की जाते."

मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. लातूरच्या डॉक्टरीणबाईनं तिला चिठ्ठी दिली होती अन् तोंडानंही सांगितलं होतं, लांबवू नका, आठ दिवसांत मोठ्या दवाखान्यात जा. ती चिठ्ठी मला पुढं रेशन कार्डाच्या पिशवीत सापडली. इंग्रजीत होती. पोरीनं वाचून दाखवली. अंगावरून जात होतं तिच्या. पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या बाईच्या. तिनं ते मला सांगितलं नाही अन् मी तिच्या कपड्याकडं बघणारा नव्हतो.

त्या सव्वा महिन्यात ती बसून भाकरी थापायला लागली. आधी उभ्यानं थापायची, ओट्यावर. मी पाहिलं. म्हणालो, वय झालं आता आपलं. ती हो म्हणाली. दोनदा तिनं मला विचारलं, "देवणीचा फोन आला का?" मी म्हणलं, येईल की, तुला काय घाई? एकदा ती हसत म्हणाली, "तुमच्या धोंड्यानं मलाबी अडकवून ठेवलं बगा." मी समजलो चेष्टा करते. ती मुहूर्ताची चेष्टा करायचीच.

धोंडा सरला. संगप्पानं श्रावणातला पहिला सोमवार धरला. मल्लू आला. काटकुळं पोरगं, खाली बघून बोलणारं. त्याची लाल फुलांची गादी खिडकीपासून काढून पोरांनी दाराशी सरकवलेली. त्यानं ट्रंक तिथंच ठेवली. गयानं त्याला समोर बसवलं. भाकरी, वरण, भात, दोडक्याची भाजी. ती पाट घेऊन त्याच्यापुढं बसली अन् पातीचे कांदे निवडत राहिली. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. संगप्पा डोळे पुसत होता.

संध्याकाळी गया मला म्हणाली, "जेवला. आता जाते मी उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती नांदेडला गेली. नळाचा दिवस होता. मी तिला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. तीच म्हणाली, "तुम्ही गेट सोडू नका. पाणी येणार हाय." पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेली, तिथून रिक्षा केली. वाटेत एकदा थांबली, एका हातानं भिंत धरून. मला वाटलं चप्पल नीट करते.

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. पसरलेला. ऑपरेशन होणार नाही म्हणले. रेडिएशनच्या लाइटा दिल्या, केमोच्या सलाइनी दिल्या. मी डॉक्टरला विचारलं, पोरगेलासाच होता, अशाच कुठल्यातरी हॉस्टेलात राहून शिकलेला असंल. म्हणलं, "साहेब, सव्वा महिना आधी आणली असती तर?" त्यानं कागदाकडं बघितलं. म्हणाला, "बाबा, आता पुढचं बघू." मी चोवीस वर्षं आईबापाला उत्तरं दिलेला माणूस. ते उत्तर कसलं असतं ते मला कळतं.

संक्रांतीच्या आधी ती गेली. पोरीच्या घरी. शेवटी शेवटी तिला काही गिळत नव्हतं. पोरगी चमचा घेऊन बसायची अन् ती तोंड फिरवायची. मी शेजारी बसून राहायचो. तिच्यासारखं काही निवडत बसायचं मला सुचायचं नाही, नुसताच बसायचो. ती जेवली नाही.

अन् मल्लू? बारा दिवस राहिला. क्लासमधी बाकीची पोरं पार पुढं गेलेली. याला फळ्यावरचं काही कळेना, खोलीतली दोघं याच्याशी बोलेनात. मेसमधी दुसरी बाई वाढायची, ती ताटाकडं बघणारी नव्हती. मला तीनदा त्यानं विचारलं, "मावशी कवा येणार?" मी म्हणालो, येईल आठ दिवसांत. बाराव्या दिवशी संगप्पा येऊन त्याला घेऊन गेला. मला म्हणाला, "नसीब, मामा. तुम्ही तरी काय करणार." मी त्याला सांगितलं नाही, की उशिरा आणलेलं पोरगं टिकत नाही हे मला चोवीस वर्षांपासून माहीत होतं. दोन बादल्या पाण्यासाठी मी त्याला उशीर करायला लावला. ज्या पोरासाठी गया थांबली त्या पोरालाही मीच घालवलं.

त्याच उन्हाळ्यात मी गेट सोडलं. आता गावाकडं राहतो. जेवण भावाच्या घरून येतं.

यंदा परत धोंडा आला. अन् एका दुपारी फोन वाजला. संगप्पा.

"मामा, वळखलं का? देवणीचा. मल्लूच्या पाठच्या पोरीला लातूरला घालतोय. तुमच्याच हॉस्टेलात, मागच्या इमारतीत. नव्वद टक्के पडलेत तिला."

"चांगलं झालं. मल्लू काय करतोय?"

"दुकानात बसतो. बरं हाय त्याचं. मामा, मावशी हायत ना अजून मेसला? मल्लू म्हणतोय, मावशी आसंल तर पोरगी राहील. त्यांनी त्याला एकच दिवस जेवू घातलं, पण त्यो अजून आठवण काढतो."

मी म्हणालो, "मावशी वारली. तुम्ही मल्लूला नेल्यावर, त्याच वर्षी संक्रांतीच्या आधी."

मग म्हणाला, "आरारा. काय झालतं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती कोणासाठी थांबली होती तेही सांगितलं. लगेच म्हणालो, "तुमचा दोष न्हाई, संगप्पा. तारीख मी दिलती. तुम्ही इचारलं होतं, आणू का म्हणून. मीच म्हणलं धोंडा गेल्यावर आणा. टाकीत पाणी नव्हतं म्हणून म्हणलं. मला मुहूर्त-बिहूर्त काही कळत न्हाई. कधीच कळत नव्हता."

त्याच्या दुकानात कोणीतरी साखर मागत होतं, ते ऐकू येत होतं. त्यानं त्याला साखर दिली नाही. मला वाटलं फोन ठेवेल. शिव्या देईल असंही वाटलं, अन् दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण त्यालाही पोरगी होती अन् तिचं कॉलेज डोक्यावर आलं होतं. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "मामा, मग आता पोरगी कधी आणू?"

"मला इचारू नका."

"मग कोणाला इचारू?"

"पोरीला इचारा. तिला कधी जायचंय ते."

"तिला काय कळतंय, मामा? लहान हाय."

"कळतं," मी म्हणालो. "ज्याला जायचं असतं त्याला कळतं, संगप्पा. माझ्या बायकोलाबी कळत होतं. मी इचारलं नव्हतं."